मधोमध ठेवलेली ताटली



गेल्या काही महिन्यांत आपल्या धर्मग्रामातील तरुण मंडळींकडून एक शब्द वारंवार कानी पडतो आहे : ‘स्मॉल प्लेट्स’. प्रथम ख्रिस्तशरीर संस्कार असो, आईवडिलांच्या लग्नाचा वाढदिवस असो किंवा पहिला पगार असो, पूर्वी अंगणात मंडप पडायचा. मग हॉल आले. आता मुले घरच्यांना गाडीत बसवून वांद्र्याला किंवा लोअर परळला नेतात. ज्यांनी हा प्रकार अजून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या हॉटेलात प्रत्येकासमोर वेगळे जेवण येत नाही. बशीएवढ्या ताटल्या येतात आणि टेबलाच्या मधोमध ठेवल्या जातात. एकीत स्पेनचे तिखट बटाटे, दुसरीत लेबननचा हमूस, तिसरीत जपानचे टेम्पुरा, चौथीत कोरियाची किमची. जे आधी तयार होईल ते आधी येते, त्यामुळे गोडानंतर तिखटही येऊ शकते. ताटलीत तुकडे चार आणि माणसे पाच, हेही नेहमीचेच. शेवटी बिल येते आणि वडीलधारी मंडळी चष्मा पुसून ते पुन्हा वाचतात.

या तरुणांपैकी काहींनी आम्हाला प्रामाणिकपणे विचारले, “फादर, एवढे पैसे घालून तोंडाची चव भागवणे पाप आहे का?” प्रश्न चांगला आहे आणि त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देण्याचा मोह टाळायला हवा. कारण या ताटल्यांविषयी त्याहून मोठा एक प्रश्न आम्हाला दिसतो. पण आधी विचारलेल्या प्रश्नाकडे पाहू.

खादाडपणाविषयी आपल्या धर्मपरंपरेने पुष्कळ बारकाईने विचार केला आहे. परमगुरू संत ग्रेगरी यांनी सहाव्या शतकात त्याचे पाच प्रकार सांगितले आणि तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ते आपल्या महाग्रंथात तपासले. वेळेआधी खाणे, फार महागडे खाणे, फार जास्त खाणे, अधाशीपणाने खाणे आणि खाण्याच्या बाबतीत फार चोखंदळ असणे, म्हणजे हे असेच शिजले पाहिजे, तसेच वाढले पाहिजे असा हट्ट धरणे. आपण सहसा तिसऱ्यालाच खादाड म्हणतो, ज्याच्या पानात डोंगर असतो त्याला. ताटली छोटी झाली की तो आरोप आपोआप गळून पडतो. पण दुसरा आणि पाचवा तिथेच बसून असतात, तेही चांगले कपडे घालून! संत थॉमस असेही म्हणतात की दोष अन्नात नसतो, विवेकाचा लगाम सुटलेल्या इच्छेत असतो. तेव्हा ताटलीचे आकारमान मोजून किंवा नुसते बिल पाहून आम्ही कोणाला पापी ठरवणार नाही. चार महिन्यांतून एकदा आईला वेगळ्या चवीचे काही खाऊ घालणारा मुलगा आणि दर शनिवारी नवे हॉटेल शोधताना घरच्या जेवणाला नाक मुरडणारा मुलगा, दोघांचे बिल सारखे असले तरी दोघांचा हिशेब सारखा नाही.

मधोमध ठेवलेल्या ताटलीची तर आम्हाला स्तुतीच करायची आहे. कारण ती हॉटेलवाल्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. ज्या ज्या देशातून ती आली, तिथे लोक एकत्र कसे बसतात हे तिने सोबत आणले आहे. स्पॅनिश भाषेत ‘तापा’ म्हणजे झाकण. मद्याच्या पेल्यावर माशा बसू नयेत म्हणून पावाचा तुकडा ठेवत, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रांतात अशा तुकड्यांना काडी टोचलेली असते आणि कित्येक ठिकाणी जुनी रीत अशी की गिऱ्हाईकाने स्वतःच घ्यायचे, खायचे आणि शेवटी काड्या मोजून पैसे द्यायचे. म्हणजे दुकानदाराचा गिऱ्हाईकाच्या शब्दावर विश्वास! तुर्कस्तान-लेबननकडच्या ‘मेझे’चे मूळ फारसी आहे आणि त्याच मुळातून आपला ‘मजा’ हा शब्द आला आहे. त्या शब्दाचा मूळ अर्थ चव. चीनच्या कँटन भागातील ‘डिम सम’च्या नावात हृदयाचे अक्षर आहे. हे पदार्थ चहासोबत खातात आणि शेजाऱ्याने आपल्या पेल्यात चहा ओतला की बोलणे न थांबवता बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करतात. ते झाले आभार. कोरियात भाताबरोबरच्या लहान वाट्यांचे वेगळे पैसे लागत नाहीत, रिकामी झाली की पुन्हा भरून मिळते.

इथिओपियाची रीत आम्हाला सर्वांत जवळची वाटते. तेथील ख्रिस्तसभा फार प्राचीन आहे आणि उपवासाच्या बाबतीत आपल्यापेक्षा पुष्कळ कडक. त्यांचा ईस्टरपूर्व उपवासकाळ ५५ दिवसांचा, शिवाय बुधवार आणि शुक्रवार. त्या दिवसांत मांस, दूध, लोणी वर्ज्य, म्हणून त्यांच्याकडे डाळी आणि भाज्यांचे इतके प्रकार झाले. आंबवलेल्या पिठाची मोठी पोळी, ‘इंजेरा’, हेच सर्वांचे ताट. त्यावर निरनिराळ्या भाज्यांचे ढीग घालतात आणि सगळे एकाच पोळीचे तुकडे मोडतात. मग कोणीतरी एक घास तयार करून शेजाऱ्याच्या तोंडात भरवतो. त्याला ‘गुर्शा’ म्हणतात. आपल्याकडे लग्नात एवढेच उरले आहे आणि तेही फोटोग्राफरने सांगितल्यावर.

आणखी एक गंमत. ताटलीत शेवटचा एक तुकडा उरतो आणि तो घ्यायला कोणाचा हात पुढे होत नाही. स्पेनमध्ये त्या तुकड्याला ‘लाजेचा तुकडा’ अशा अर्थाचे नाव आहे. नीतिशास्त्राचा एक पूर्ण धडा त्या तुकड्यात आहे असे आम्हाला वाटते. आपापल्या ताटात जेवणाऱ्याला तो धडा मिळत नाही, कारण त्याच्या ताटातला शेवटचा घास निर्विवाद त्याचाच असतो. घराघरांत आज जो तो आपले ताट घेऊन टीव्हीसमोर किंवा मोबाईलसमोर बसतो. अशा वेळी चार तुकडे पाच जणांत कसे वाटायचे याचा विचार मुलांना कुठेतरी करावा लागतो, हे थोडे नव्हे.

इतके बोलल्यावर आता त्या मोठ्या प्रश्नाकडे वळतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक खवय्या भेटतो. आपला गळा बगळ्यासारखा, क्रौंच पक्ष्यासारखा लांब व्हावा अशी त्याने देवाकडे प्रार्थना केली, म्हणजे घास उतरताना सुख जास्त वेळ टिकेल! वर्गात सगळे हसतात. ॲरिस्टॉटलने आपल्या एका ग्रंथात त्याचे नावही दिले आहे : फिलॉक्झेनस. हे नाव ज्या दोन ग्रीक शब्दांचे बनले आहे त्यांचा अर्थ मात्र हसण्यासारखा नाही. ‘फिलॉस’ म्हणजे प्रेम करणारा आणि ‘क्झेनॉस’ म्हणजे परका, पाहुणा. परक्यावर प्रेम करणारा! आपल्या नव्या करारात इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात आतिथ्याचा विसर पडू देऊ नका असे सांगितले आहे, तिथे आतिथ्यासाठी हाच शब्द आहे, ‘फिलॉक्झेनिया’. ज्या माणसाचे नाव परक्यावरचे प्रेम, त्याची कीर्ती मात्र स्वतःच्या गळ्यासाठी केलेल्या प्रार्थनेबद्दल.

त्याला लांब गळा हवा होता. आजच्या खवय्याला रुंद जीभ हवी असते, एका संध्याकाळी सहा देश मावतील एवढी. आणि त्यात एक भ्रम सहज होतो. सहा देशांचे पदार्थ चाखले म्हणजे आपले मन मोठे झाले, आपण जगाचे झालो, असे वाटू लागते. परक्याचे अन्न आवडणे आणि परका आवडणे ही एकच गोष्ट आहे का? आमचा प्रश्न एवढाच आहे.

प्रेषितांच्या कृत्यांचा दहावा अध्याय काढून पाहा. यापो गावी, समुद्रकाठच्या एका घराच्या गच्चीवर पेत्र दुपारी प्रार्थनेला गेला आहे. त्याला भूक लागली आहे, खाली स्वयंपाक चालला आहे. तेवढ्यात त्याला दृष्टान्त होतो. चारही कोपरे धरून सोडलेली मोठी चादर आकाशातून उतरते आणि तिच्यात सगळ्या प्रकारचे प्राणी असतात, यहुद्यांनी वर्ज्य मानलेलेही. मारून खा, अशी आज्ञा होते. पेत्र नकार देतो. तीन वेळा असे घडते. ही जगातल्या सर्व देशांची ताटली म्हणायला हरकत नाही. हा पाठ एवढ्यावरच संपला असता तर त्याचा अर्थ ‘काहीही खायला हरकत नाही’ एवढाच उरला असता, आणि ते आपण एरवीही करतोच. पण चादर वर जाते न जाते तोच दारावर माणसे येतात. रोमी शताधिपती कर्नेल्याने पाठवलेली परकी माणसे. पेत्र त्यांना आत घेतो, रात्री ठेवून घेतो, दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर कैसरियाला जातो आणि यहुद्याने कधी पाऊल टाकू नये अशा घरात शिरतो. तिथे उभे राहून तो आपल्याला काय समजले ते सांगतो, आणि त्यात प्राण्यांचा उल्लेखही नाही. कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणायचे नाही, हे देवाने आपल्याला दाखवले, असे तो म्हणतो. चादर अन्नाची होती, अर्थ माणसांचा निघाला. कर्नेल्याच्या घरी पेत्राने काय खाल्ले हे शास्त्रलेखकाने लिहिलेले नाही. पुढे यरुशलेममध्ये त्याच्यावर आरोप झाला तोसुद्धा काय खाल्ले याबद्दल नव्हता, कोणाबरोबर जेवलास याबद्दल होता.

आणि हा धडा पक्का झाला असेही नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल सांगतो की अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत असे, पण यरुशलेमची मंडळी आल्यावर तो मागे सरला आणि पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर सुनावले. पहिल्या परमगुरूंच्या बाबतीत जे घडले ते आपल्या बाबतीत घडणार नाही असे कोणी समजू नये.

आपल्या वसईकरांना तर हा विषय परका नाही. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे इथे पोर्तुगीज होते. बटाटा, काजू, अननस, पपई, पाव हे शब्द त्यांच्याबरोबर आले आणि आपल्या रश्शातली मिरची अमेरिकेहून त्यांच्याच जहाजांतून आली. विंदालूच्या नावात पोर्तुगीजांची वाईन आणि लसूण आहे, बटाट्याचा त्याच्याशी संबंध नाही, जरी हॉटेलवाले ‘आलू’ ऐकून तो त्यात घालत असले तरी. म्हणजे आपल्या आजीचे ताटही कित्येक देशांचे होते, तिने त्याला इंग्रजी नाव दिले नव्हते इतकेच.

आणि तो टेम्पुरा? तळण्याची ती पद्धत सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी जपानात नेली. तिचे नाव आपल्या ख्रिस्तसभेच्या जुन्या उपवासदिवसांवरून, ‘तेम्पोरा’वरून पडले असे अनेक अभ्यासक मानतात. त्या दिवशी मांस वर्ज्य, म्हणून मासे आणि भाज्या तळून खात. त्याच काळात, त्याच सागरी मार्गाने आपल्या वसईचा एक मुलगा जपानात पोहोचला होता. संत गोन्सालो गार्सिया! लहान वयात तो येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर गेला, पुढे त्याने व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९३ साली संत पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाष्या म्हणून पुन्हा जपानात आला. दुभाष्या, कारण त्याला जपानी भाषा उत्तम येत होती. या फ्रान्सिस्कन मंडळींनी क्योतोमध्ये गरिबांसाठी आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय चालवले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आले, त्यांत गोन्सालो होता. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले.

गोन्सालोने तिथे काय खाल्ले, त्याला ते आवडले की नाही, हे कोणी नोंदवून ठेवलेले नाही. घरापासून इतक्या दूर त्याला बोंबलाची आठवण आली असेलच. पण जीभ दोन कामे करते, चव घेते आणि बोलते. परक्या देशाची चव एका संध्याकाळी घेता येते. परक्याची भाषा शिकायला वर्षे जातात, चुका होतात, लोक हसतात, आणि समोरचा माणूस नसेल तर ती शिकताच येत नाही.

जपान दूर आहे. जवळचे बोलू. हल्ली याच छोट्या ताटल्यांत ईशान्य भारताचे पदार्थ येऊ लागले आहेत, आंबवलेले बांबूचे कोंब घातलेले डुकराचे मांस वगैरे. ते खाऊन आलेल्यांनी आमच्याजवळ फार तारीफ केली. ठीक आहे. पण २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचनापुस्तिका काढली होती आणि बांबूचे कोंब, आखुनी असे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास न होता शिजवा असे तीत बजावले होते. त्यावर त्या वेळी बराच गदारोळ झाला. अशा सूचना आपल्या आळीतही कानावर येतात. ‘खोली देऊ, पण ते तसले शिजवायचे नाही.’ झारखंडचे, मणिपूरचे, ओडिशाचे तरुण आपल्या गावांत खोल्या शोधत फिरतात तेव्हा त्यांना हे ऐकावे लागते. बांबूच्या कोंबांचे आपल्याला नवल नसावे, पावसाळ्यात आदिवासी भगिनी बाजारात वास्ते घेऊन बसतातच. आणि वासाचे म्हणाल, तर मुंबईतल्या कित्येक सोसायट्यांत मासे खाणाऱ्याला घर नाकारले जाते, याचा अनुभव आपल्यातल्या अनेक कुटुंबांनी घेतला आहे. सुक्या बोंबलाच्या वासावरून झालेला अपमान घरी येऊन सांगताना ज्यांचे डोळे भरून आले, ती माणसे आम्हाला ठाऊक आहेत. मग तोच पदार्थ ताटलीत नीट सजवून आला की पाचशे रुपयांचा, आणि शेजारच्या खोलीतून आला की तक्रारीचा, हे कसे? वास तर तोच. फरक एवढाच की हॉटेलात पदार्थाबरोबर माणूस येत नाही. पैसे दिले की तो पदार्थ आपला, आणि ज्यांचा तो आहे त्यांच्याशी आपले काही देणेघेणे उरत नाही.

खरे तर माणूस तिथेही असतोच. पडद्यामागे. स्पेनचे बटाटे आणि जपानचे टेम्पुरा तळणारे हात बहुधा स्पेनचे किंवा जपानचे नसतात. अशा हॉटेलांतून नेपाळची, उत्तराखंडची, ईशान्येची, झारखंडची मुले राबत असतात. त्यांतले काही आपल्याच धर्मग्रामात भाड्याने राहतात. कॅथोलिक आहेत, उराव आणि मुंडा कुटुंबांतले, मिस्सा न चुकवणाऱ्या घरांत वाढलेले. पण हॉटेलांचा रविवार म्हणजे सर्वांत गर्दीचा दिवस. आपण मिस्सा आटोपून जेवायला निघतो, त्यामुळेच त्यांना मिस्सेला येता येत नाही. हे कोणी मुद्दाम करत नाही. तुम्ही जाऊ नका असेही आम्ही म्हणत नाही, गिऱ्हाईक गेले नाही तर त्यांचाच रोजगार बुडेल. पण पुढच्या वेळी ताटली ठेवणाऱ्या मुलाला त्याचे गाव विचारून बघा. एखादा म्हणेल सिमडेगा. रविवारी मिस्सेला कुठे जातोस, असेही विचारा.

करिंथच्या मंडळीत असेच काहीसे होत होते. प्रभुभोजनासाठी जमल्यावर काही जण आधीच जेवून घ्यायचे आणि काही उपाशी राहायचे. उशिरा पोहोचणाऱ्यांत कामकरी आणि गुलाम असावेत असे शास्त्राभ्यासकांना वाटते, कारण त्यांची वेळ त्यांच्या हातात नव्हती. संत पौल त्यांच्यावर फार संतापला. पण त्याने शेवटी जो उपाय सांगितला तो अगदी साधा आहे : एकमेकांसाठी थांबा.

आपल्या धर्मग्राम परिषदेच्या मागील बैठकीत यावर बोलणे झाले. हॉटेलात काम करणाऱ्या या मुलांपैकी बहुतेकांना सुटी सोमवारी किंवा मंगळवारी असते. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी रात्री ८ वाजता त्यांच्यासाठी हिंदीतून मिस्सा ठेवावी आणि नंतर चर्चच्या हॉलमध्ये एकत्र जेवण करावे, असा विचार आहे. गायनवृंदातल्या दोघांनी हिंदी गीते बसवायची तयारी दाखवली आहे. काही जणांनी भीती व्यक्त केली की ही मुले येतील आणि आपले कोणीच येणार नाही, म्हणजे ती वेगळी पंगत होईल. ही भीती रास्त आहे. म्हणून प्रत्येक विभागातून निदान चार कुटुंबांनी तरी त्या दिवशी यावे. नावे विभागप्रमुखांकडे द्यावीत.

स्वयंपाक त्या मुलांनीच करायचा असे त्यांनी आग्रहाने सांगितले आहे. रोज परक्या देशांचे रांधतात, एक दिवस आपले रांधू द्या, असे त्यांचे म्हणणे. हॉलचे स्वयंपाकघर दुपारी ३ वाजल्यापासून त्यांच्या ताब्यात राहील. बांबूचे कोंब असतील. शेजारच्या वाड्यांतील मंडळींना आम्ही आधीच सांगून ठेवले आहे, खिडक्या लावून घेण्यापेक्षा जेवायलाच या. भांडी मात्र कमी पडतील, तेव्हा ज्यांच्याकडे लग्नकार्याची मोठी पातेली आहेत त्यांनी रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत कळवावे.